पटाची पकड

भात झोडून झालं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की आमचं खळं रिकामं व्हायचं आणि वच्छाआत्या त्याच्या मधोमध हातभर जाडीचा पेंढा पसरायची. त्या पेंढ्यावर आम्ही पोरी पडायला शिकलो. कबड्डी नंतर. आधी महिनाभर नुसतं पडायचं. कुशीवर, खांदा गोल करून, हनुवटी छातीला लावून, तळहात जमिनीवर न टेकता. गावातल्या बायका पाण्याला जाताना थांबून बघायच्या आणि हसायच्या. कपडे पेंढ्याच्या कुसांनी भरायचे, अंगाला खाज सुटायची, आणि घरी गेल्यावर आई ओरडायची की ही बाई पोरींना खेळ शिकवते की लोळायला शिकवते. दुसऱ्या दिवशी पेंढा पुन्हा पसरलेला असायचा.

वच्छाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नाआधी ती स्वतः कबड्डी खेळायची, तालुक्यात तिचं नाव होतं. एका सामन्यात तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते नीट बसलं नाही, आणि उजवा खांदा कायमचा उतरता राहिला. रोह्याकडच्या सासरी दोन वर्षं राहिली. डोक्यावर भरलेले हंडे चढवता येत नाहीत, म्हणून तिला परत पाठवलं. हे मला आईनं सांगितलं, आत्यानं कधीच नाही. ती आमच्या घरात राहायची, शेतात राबायची, आणि हिवाळ्याच्या तीन महिन्यांत गावच्या पोरींना कबड्डी शिकवायची. तेवढेच तीन महिने ती कुणाचंही ऐकायची नाही.

आमचं घर कासू स्टेशनपासून दहा मिनिटांवर. पहाटेच्या गाडीची शिट्टी झाली की आई चुलीवर आधण ठेवायची, घड्याळ आमच्याकडे नव्हतंच. वडील डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे होते. त्यांची रात्रीची शिफ्ट असली की आम्ही दिवसभर कुजबुजत बोलायचो, कारण ते माजघरात झोपलेले असायचे. दुपारी पडवीत मोठी परात घेऊन आई, आत्या आणि मी मोड आलेले वाल सोलत बसायचो. भिजलेला वाल बोटांत दाबला की साल एकीकडे आणि डाळिंबी एकीकडे, असा तो टप् टप् आवाज तासभर चालायचा. खेळाबद्दल जे काही मी शिकले त्यातलं अर्धं त्या परातीपाशी बसून. आत्या सोललेला वाल बोटांत धरायची आणि म्हणायची, हे चढाईवालीचं गुडघं. गुडघ्याच्या पुढं डोकं नेशील तर काय व्हईल? आणि बोटानं वाल चिरडून दाखवायची. आई म्हणायची, अगो, बिरड्याचा सत्यानाश करू नको.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरच्या संघातली एक जण आपल्या अंगणात, म्हणजे मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागात, चढाईला येते. आपल्यातल्या कुणाला तरी शिवून तिला परत मध्यरेषा गाठायची असते, आणि आपण तिला धरून ठेवायचं असतं. धरायच्या रीती पुष्कळ आहेत. त्यातली पटाची पकड म्हणजे वाकून तिच्या मांडीला मिठी मारायची आणि तिला उचलून मागे खेचायचं. दिसायला सगळ्यात देखणी आणि करायला सगळ्यात धोक्याची. कारण ती पळत सुटलेली असते, तिचा गुडघा वर येत असतो, आणि तुमचं डोकं नेमकं त्याच उंचीवर असतं. आत्याचा नियम एकच होता. डोकं तिच्या मागच्या बाजूला. तुमचा खांदा तिच्या मांडीला लागला पाहिजे आणि तुमचा कान तिच्या कुल्ल्यामागे. मान वर, नजर वर. जमिनीकडे बघितलं की मान वाकते, आणि वाकलेल्या मानेवर धक्का बसला तर माणूस उठत नाही. हे आधी उभ्या असलेल्या मुलीवर करायचं, मग चालणाऱ्या मुलीवर, मग सावकाश पळणाऱ्या मुलीवर. शंभर शंभर वेळा. डोकं आपोआप मागं जायला लागलं की मगच सामन्यात.

हल्ली टीव्हीवर कबड्डी दिसते. गाद्या अंथरलेल्या, दिवे लावलेले. मुलं ते बघतात आणि मैदानात डोकं पुढं घालून सूर मारतात. मागच्या वर्षी पेणला शाळकरी मुलांच्या स्पर्धेत मी एका तरुण प्रशिक्षकाजवळ जाऊन हे बोलले. तो चांगला मुलगा होता. म्हणाला, मॅडम, पंधरा दिवसांत संघ उभा करायचा असतो, एवढं कधी शिकवणार. मी परत येऊन खुर्चीवर बसले. मी कोण त्याला सांगणार, असं मनात आलं, आणि ते वयामुळे नाही.

बारकी आमच्याकडे आली ती कापणीच्या मजुरीला. डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे, तिथून तिचे आईबाप दरवर्षी यायचे, त्या वर्षी तीही आली. नाव बारकी, पण अंगानं आम्हा सगळ्यांत थोराड. माझ्याच वयाची, पंधरा-सोळाची. एके दिवशी आमच्या म्हशीची पारडी दावं तोडून वाल पेरलेल्या शेतात घुसली. आम्ही सगळे काठ्या घेऊन मागे धावलो. बारकीनं डोक्यावरचा भारा टाकून सरळ पारडीच्या मागच्या पायांना मिठी मारली आणि तिला बसवली. आत्या खळ्यावरून बघत होती. तिचा चेहरा मी बघितला. माझ्याकडे बघून आत्याचा चेहरा तसा कधी झाला नव्हता.

त्या दिवसापासून बारकी खळ्यावर यायला लागली. आई तिला पडवीच्या टोकाला वेगळ्या थाळीत भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढायची. आत्या स्वतःची थाळी उचलायची आणि तिच्याशेजारी जाऊन बसायची. आई नाराज व्हायची. मीही नाराज व्हायची. आईचं कारण वेगळं होतं, माझं वेगळं. चार वर्षं मी आत्याचा उजवा हात होते, पोरींना ओळीत मीच उभी करायची, दाखवायला मीच. आता आत्या दाखवायला बारकीला बोलवायची. बारकी लाजून हसायची. तिला कळतच नव्हतं की ती माझ्याकडून काही घेते आहे.

पौषात रोह्याला मुलींचे सामने होते. त्यातून जिल्ह्याचा संघ निवडणार होते, आणि माझं नाव त्यात यावं ही एकच गोष्ट मला त्या वर्षी हवी होती. सामन्याला आठ दिवस उरले असताना आमची डाव्या कोपऱ्यातली मुलगी लग्न ठरलं म्हणून घरी बसली, आणि त्याच दिवशी आत्याला हिवताप भरला. ती घोंगडी घेऊन माजघरात पडली, दात वाजत होते. मला जवळ बोलावलं. म्हणाली, बारकीला कोपऱ्यात उभी करायची, पण तिची पटाची पकड अजून कच्ची आहे. पडायला शिकली, डोकं मागं घ्यायला शिकली नाही. रोज संध्याकाळी तिला चालणाऱ्या मुलीवर शंभर वेळा करायला लाव. पळायला लावू नको. आणि मग माझं मनगट धरून हळू आवाजात बोलली.

"नाय झाली तर मला सांग. दुसरीला उभी करू. हरलो तर हरलो, काय बिघडत नाय."

मी व्हय म्हटलं.

पहिले दोन दिवस मी तसंच केलं. बारकी मन लावून करायची, पण तिच्या अंगात जोर इतका होता की तिला रीत लागतच नव्हती. ती डोकं कुठंही घालायची आणि समोरची मुलगी खाली यायची. मी सांगायची डोकं मागं, ती डोकं मागं घ्यायची, आणि पाचव्या-सहाव्या वेळी पुन्हा पुढं. तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. खरं तर कंटाळा नव्हता, राग होता. शंभर वेळा तिच्यासाठी चालायचं, आणि रोह्याला लोक तिलाच बघणार. मी माझी चढाई घोटायला सुरुवात केली. तिला म्हटलं, तू नुसती मला अडव. पळत जायची मी, आणि ती अडवायची. जशी येईल तशी. तिला मजा वाटायची. मलाही सराव मिळायचा. सहा दिवस हेच चाललं. एकदा तिचं कपाळ माझ्या गुडघ्यावर आपटलं आणि भुवईवर टेंगूळ आलं. ती खाली बसून हसत होती. मी तिला सांगितलं, आत्याला दाखवू नको.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याचा ताप उतरला. ती पडवीत येऊन भिंतीला टेकून बसली, पेज पीत. मी समोर गेले. तिनं वर बघितलं.

"झाली का गो तयार?"

"झाली."

"डोकं?"

"मागं ठेवते आता."

आत्यानं माझ्याकडे बघत पेजेचा घोट घेतला. मग मान हलवली. तिनं मला त्याआधी कधी खोटं बोलताना पकडलं नव्हतं, कारण त्याआधी मी तिच्याशी खोटं बोललेच नव्हते.

दिव्याहून येणाऱ्या गाडीनं आम्ही रोह्याला गेलो. बारकी पहिल्यांदाच गाडीत बसत होती. नागोठणं येईपर्यंत ती दाराजवळ उभी राहून येणारी-जाणारी शेतं बघत होती, आणि प्रत्येक स्टेशनला विचारत होती, इथं उतरायचं का. तिच्या अंगावर माझी जुनी चड्डी आणि आत्यानं शिवलेला बनियन होता, पाठीवर कुंकवाच्या पाण्यानं तीनचा आकडा. आईनं सगळ्यांसाठी भाकऱ्या आणि वालाची भाजी बांधून दिली होती. त्या दिवशी आम्ही मैदानाच्या कडेला एकाच फडक्यावरून खाल्लं. बारकीही. आई तिथं नव्हती.

दुपारी उन्हात सामना सुरू झाला. पहिल्या डावात बारकीनं चार पकडी केल्या. लोकांना तिचं नाव माहीत नव्हतं, ते तीन नंबर, तीन नंबर म्हणून ओरडत होते. माझ्याही चढाया चांगल्या झाल्या. निवड करणारे दोघं टेबलामागे बसले होते, त्यातला एक माझ्याकडे बघून काहीतरी लिहीत होता, ते मी बघितलं. आत्या रेषेबाहेर उभी होती. मध्यंतरात ती बारकीजवळ गेली, तिची भुवई बघितली, आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलली. मग माझ्याकडे वळली. मी पाणी पीत होते. मी पाणी पीत राहिले.

दुसऱ्या डावात त्यांची एक दणकट मुलगी चढाईला आली. आत शिरून तिनं आमच्या मधल्या मुलीला शिवलं आणि वळून सुटली. बारकी कोपऱ्यातून निघाली. ती खाली वाकली, जमिनीकडे बघत, डोकं पुढं, अगदी तशी जशी माझ्यासमोर सहा दिवस वाकत होती. त्या मुलीचा गुडघा वर आला. आवाज मोठा नव्हता. लाकडाची ढलपी मोडावी तेवढाच. बारकी तोंडावर पडली आणि तिचे हात ती मिठी मारायच्या आकारातच मातीत राहिले.

आत्या धावत आली. तिनं सगळ्यांना मागं ढकललं, हात लावू नका, मान हलवू नका, फळी आणा, असं सांगत होती. पण चारही बाजूंनी माणसं आली. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, कुणी म्हणालं चक्कर आली असेल, बसवा तिला. दोघा-तिघांनी तिला बगलेत हात घालून उचललं. तिची मान मागं लोंबली. आत्यानं त्यातल्या एकाच्या हाताला चावा घेतला, पण तोवर त्यांनी तिला जीपमध्ये घातलं होतं. बारकीचे डोळे उघडे होते. ती रडत नव्हती. जीप सुटताना तिनं विचारलं, माझे पाय कुठं हायत.

ती तीन महिने मुंबईच्या इस्पितळात होती. मग त्यांनी सांगितलं, आता घरी न्या. मानेखाली काहीच हलत नव्हतं. फक्त उजव्या हाताची दोन बोटं.

ती इस्पितळात असतानाच गावात बैठक झाली, आमच्याच अंगणात. बारकीचे आईबाप एका कडेला उकिडवे बसले होते आणि काहीच मागत नव्हते. गावातली माणसंच बोलत होती. की बायकांना हे खेळ कशाला, की नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या हाती पोरी दिल्या, की स्वतःचं हाड मोडून घेतलं आणि आता दुसऱ्याच्या पोरीची मान मोडली. वडील खाली बघत होते. कुणीतरी आत्याला थेट विचारलं, पोर तयार नव्हती तर उतरवली कशाला. मी दाराआड उभी होते. माझ्यापासून आत्या पाच पावलांवर होती.

"मी नीट शिकवलं नाय," आत्या बोलली. "माझीच चूक हाय."

पाच पावलं. मी कितीतरी वेळा ती पावलं मनात चालून गेले आहे. त्या दिवशी मी दाराच्या कडीला धरून उभी राहिले आणि बैठक संपली. त्यानंतर खळ्यावर पुन्हा पेंढा पसरला गेला नाही. आठवड्यानं शाळेत जिल्ह्याच्या संघाची यादी आली. त्यात माझं नाव होतं.

मी खेळायला गेले. पुढं राज्याच्या संघातही खेळले, आणि त्या प्रमाणपत्रांवर खेळाडूंच्या राखीव जागेतून मला सरकारी नोकरी लागली. जे मी आज आहे, माझं घर, माझ्या मुलांची शिक्षणं, सगळं तिथून आलं.

आत्या रोज वाडीवर जायची. सकाळची कामं उरकून, फडक्यात पेज बांधून, तीन किलोमीटर चालत. बारकीचं अंग पुसायची, कूस बदलायची, पाठीच्या जखमांना खोबरेल लावायची. बारकीचे आईबाप मजुरीला गेल्यावर तिच्याजवळ दुसरं कुणी नसायचं. मला आत्या एकदाही चल म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. दोन वर्षं गेली. मग नोकरीचं पत्र आलं, आणि निघायच्या आधी एक दिवस मी एकटीच वाडीवर गेले. आत्या त्या दिवशी पेणच्या बाजाराला गेली होती.

झोपडीत कुडाच्या फटींतून ऊन येत होतं. वास होता. बारकी इतकी लहान झाली होती की तिचं नाव आता तिला शोभत होतं. तिनं मला ओळखलं आणि हसली, पूर्वीसारखीच लाजून. मी बाजूला बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. दोन दिवस शिकवलं आणि मग सोडून दिलं, आत्याशी खोटं बोलले, मला तुझा राग यायचा. ती ऐकत होती. माशी तिच्या ओठावर बसली, ती मी उडवली.

"मला ठावं हाय गो," बारकी बोलली. "मी आत्याला सांगितलेलं. इस्पितळातच."

"आत्या काय बोलली?"

"बोलली, कुनाला सांगू नको. पोरगी हाय ती, जल्मभर तिच्या मागं लागल."

बाहेर कुणाचं तरी कोंबडं ओरडत होतं. ती म्हणाली की तिलाही राग आला होता, पुष्कळ दिवस, पण राग करायला अंगात काहीतरी लागतं. आत्या आज आली नाही, सकाळपासून एकाच कुशीवर आहे, तेवढं वळवशील का, असं तिनं विचारलं. मी उठले. तिला कुठं हात लावायचा ते मला कळेना. तिनंच मला सांगितलं, सावकाश, एकेक करून. एक हात मानेखाली, पंजा उघडा. दुसरा खांद्याखाली. आता दोन्ही संगती. मी वळवलं. तिच्या पाठीवरची जखम मी बघितली आणि बाहेर जाऊन ओकले.

घरी आले तेव्हा आत्या बाजारातून परत आली होती. पडवीत बसून पाय चोळत होती. मी म्हटलं, बारकीकडे गेले होते. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. तिला कळलं की मला कळलं. मी पुढं बोलायला तोंड उघडलं.

"जेवून घे," आत्या बोलली. "तुझी भाकरी झाकून ठेवलीय."

मी आत गेले आणि जेवले.

बारकी त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेली. जखमा हाडापर्यंत गेल्या होत्या. मी कामावर होते, मला पत्रानं कळलं. आत्या त्यानंतर वीस वर्षं जगली. मी सणावाराला घरी जायची, तिला लुगडं घ्यायची, तिच्या उतरत्या खांद्याला तेल लावून द्यायची. आम्ही दोघी पडवीत बसून वाल सोलायचो आणि पावसाबद्दल, माझ्या मुलांबद्दल, कंपनीत कोण लागलं याबद्दल बोलायचो. शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी मी सहा रात्री बसले. सहाही रात्री मी ठरवलं, आता बोलायचं. एकदा तिनं स्वतःच डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि मी विचारलं, पाणी देऊ का.

परवा गावात एका लग्नाला गेले होते. पंगतीत माझ्या शेजारी गावातले एक वयस्क गृहस्थ बसले होते आणि त्यांची नवी सून समोर. सून कबड्डी खेळलेली, रोह्याकडची. बोलता बोलता विषय निघाला, आणि ते सुनेला सांगू लागले की आमच्याही गावात एकेकाळी पोरींचा संघ होता, चांगला होता, पण वच्छी म्हणून एक बाई शिकवायची, तिनं एका कातकऱ्याच्या पोरीला नीट न शिकवता मैदानात उतरवलं आणि पोरगी जन्माची गेली. तेव्हापासून गावात पोरींचा खेळ बंद. सुनेनं माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही पण होतात ना त्या संघात?

मी म्हटलं, होते.

वाढपी भाताचं पातेलं घेऊन समोर आला. मी पानावर हात आडवा धरला आणि पुरे म्हटलं.